मुंबईची गोदी आणि हिरोशिमाची वही

अलीकडे आपल्या खानदेशातूनही माणसे जपान पाहून येतात. कोणाचा मुलगा तिकडे नोकरीस असतो, कोणी प्रवासी कंपनीबरोबर जातो. परत आल्यावर ती फुजी पर्वताचे आणि वेगवान आगगाडीचे वर्णन करतात, आणि हिरोशिमाचे नाव निघाले म्हणजे क्षणभर गप्प होतात. मी स्वतः हिरोशिमा पाहिलेले नाही. त्या शहराविषयी मी जे सांगणार आहे ते वाचून आणि जाणत्यांकडून ऐकून जमवलेले आहे. मुंबईची गोदी मात्र मी पायी हिंडून पाहिली आहे. तीही युद्धात होरपळलेली जागा आहे. जळगाव-धुळ्याचा माणूस वर्षातून दोनदा मुंबईस जातो, तिच्या अगदी जवळून जातो, आणि तेथे काय घडले हे त्याला ठाऊक नसते. या दोन जागा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हिरोशिमा कसे आठवण ठेवते

हिरोशिमा हे काही बाँबमुळेच जगाला माहीत झालेले खेडे नव्हे. ओता नदीच्या मुखाशी असलेल्या बेटांवर वसलेले ते जुने किल्ल्याचे शहर आहे. किल्ल्याचे काम १५८९ साली सुरू झाले. पुढे १८९४ च्या चीन-जपान युद्धापासून ते लष्कराचे ठाणे बनले, आणि उजिना बंदरातून फौजा रवाना होऊ लागल्या. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता त्यावर अणुबाँब पडला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मेली असा अंदाज आहे. त्यांत शाळकरी मुले फार होती. विमानहल्ल्याची आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याच्या कामावर त्यांना सरकारने लावले होते. अशी सुमारे सहा हजार मुले कामावर असताना मेली. मुलांनी केले तरी ते कामच होते. युद्धाच्या हिशेबात त्यांची जागा मजुरांत धरली पाहिजे.

त्या शहरातील ट्रामचा एक तुकडा तीनच दिवसांनी, ९ ऑगस्टला, पुन्हा सुरू झाला. पुरुष लढाईवर गेले असल्यामुळे ट्राम कंपनीने मुलींची शाळा काढून त्यांना वाहक आणि चालक केले होते. त्या मुलींपैकी वाचलेल्या काहींनी पुन्हा गाडीवर पाय ठेवला. कामकरी माणसाला शहराची ओळख अशा गोष्टींवरून होते.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक वही. तेथील शांतता उद्यानात १९५२ साली एक कमानदार स्मारक उभारले. त्याच्या पोटात दगडी पेटी आहे आणि पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या आहेत. बाँबची बाधा झालेला माणूस पुढे कधीही मरण पावला, तरी त्याचे नाव त्या वह्यांत चढते. दरवर्षी ६ ऑगस्टला नव्या नावांची भर पडते. आज ती नावे तीन लाखांहून अधिक आहेत. आणि एक वही कोरी ठेवलेली आहे. ज्यांचे नाव कोणालाच सांगता आले नाही त्यांच्यासाठी ती आहे. नाव नसेल तर नसो, माणूस मोजण्यातून सुटता कामा नये, असा त्या कोऱ्या वहीचा अर्थ मी करतो.

हिरोशिमाला डोक्यावर घेऊन नाचावे असेही नाही. त्या शहरात मजुरीसाठी आणलेले कोरियन लोक हजारोंनी मेले. त्यांचे स्मारक १९७० साली उभे राहिले ते उद्यानाबाहेर, आणि ते आत यायला १९९९ साल उजाडले. वाचलेल्यांना सरकारी औषधोपचार मिळावा असा कायदा १९५७ साली झाला, पण त्यासाठी लागणारी पुस्तिका मिळवताना 'मी त्या दिवशी तेथे होतो' हे सिद्ध करावे लागे, साक्षीदार शोधावे लागत. आपल्याकडच्या कामगाराला हे ऐकून नवल वाटणार नाही. बाधितांनी १९५६ साली आपली संघटना बांधली, आणि तिला २०२४ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोंद आपोआप होत नाही. ती मागावी लागते आणि मागणाऱ्यांना एकत्र यावे लागते.

१४ एप्रिल १९४४

आता मुंबईकडे वळू. १९४४ च्या एप्रिलमध्ये जपानी फौजा आपल्या ईशान्य सीमेवर कोहिमाला वेढा घालून बसल्या होत्या. त्या आघाडीसाठी लागणारे सामान मुंबई बंदरात उतरत होते. 'फोर्ट स्टिकीन' नावाची ७,१४२ टनांची, कॅनडात १९४२ साली बांधलेली बोट २४ फेब्रुवारी रोजी इंग्लंडातील बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईस आली आणि व्हिक्टोरिया गोदीत पहिल्या क्रमांकाच्या धक्क्याला लागली. तिच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, लढाऊ विमाने होती आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीत तिच्यावर कापसाच्या गाठी आणि वंगणाच्या तेलाची पिंपे चढवण्यात आली.

एरवी दारूगोळ्याची बोट गोदीत आणीत नसत. ती बाहेर खाडीत उभी करून माल पडावांत उतरवून घेत. युद्धाच्या घाईत तो नियम बाजूस ठेवला गेला. तरीही ४८ तास उलटून गेले आणि दारूगोळा उतरला नव्हता. धोक्याचा माल असल्याचे दाखवणारे लाल निशाणही बोटीवर नव्हते. त्यामुळे शेजारच्या बोटींवरील खलाशांना आणि धक्क्यावरच्या हमालांना आपण कशाच्या शेजारी उभे आहोत याची कल्पना नव्हती.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या कोठ्यातून धूर निघताना दिसला. बंबवाले आले. त्यांनी ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले. पाणी उकळू लागले, पण आग विझेना. जहाज बुडवावे, की ओढून बाहेर न्यावे, की आग विझवीत राहावे, याचा निर्णय कोणा एका माणसाच्या हाती नव्हता. लष्कर, बंदर, बोटीचा कप्तान आणि बंबखाते, सगळे हजर होते. पण त्या सर्वांवर चालेल असा एक हुकूम नव्हता. ३ वाजून ५० मिनिटांनी बोट सोडण्याचा आदेश निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. बोटीचे दोन तुकडे झाले, आणि बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांची तावदाने फुटली. साडेचारच्या सुमारास दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. भूकंप मोजण्याच्या यंत्रावर त्याचा हादरा दूरच्या सिमल्यास नोंदला गेला. जळते कापूस आणि तापलेले लोखंड मांडवी, चिंचबंदर, मशीदबंदर या दाट वस्तीवर पडले. तेरा बोटी गेल्या. सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. बंगालच्या दुष्काळाला वर्षही झाले नव्हते, आणि येथे सुमारे ५५,००० टन धान्य जळून गेले.

देशातील वर्तमानपत्रांना ही बातमी देण्यास बंदी होती. जगाला ती प्रथम कळली ती जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओवरून, दुसऱ्याच दिवशी. आपल्या माणसांच्या मरणाची वार्ता शत्रूच्या नभोवाणीने द्यावी आणि आपली वर्तमानपत्रे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गप्प राहावीत, असा तो काळ होता.

गाठीतली आग

हे सारे का झाले ते खानदेशच्या माणसाला चार शब्दांत कळेल, कारण कापसाची गाठ म्हणजे काय हे त्याला सांगावे लागत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी, १८६१ ते ६५ या वर्षांत, आपल्या भागाचा कापूस विलायतेस जाऊ लागला आणि रेल्वे येताच तो थेट मुंबईच्या धक्क्यावर पोचू लागला. तेव्हापासून जिन-प्रेसचा धूर आपण पाहात आलो. प्रेसमध्ये काम केलेल्या कोणासही विचारा. मोकळा कापूस भडकतो आणि संपतो. दाबलेली गाठ मात्र आतल्या आत धुमसते. दाबून बसवलेल्या तंतूंत हवा अडकलेली असते, तीवर ठिणगी जगते. वरून ओतलेले पाणी आत झिरपत नाही. गाठ विझली म्हणून बाजूस ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातून धूर यावा, असे पुष्कळदा घडते. म्हणूनच गाठींवर तेल सांडू नये, गाठींजवळ पेटता जिन्नस आणू नये, असे नियम आहेत.

त्या बोटीवर कापूस खाली आणि दारूगोळा वर, असा एकाच कोठ्यात माल रचला होता. खाली धुमसणारी चूल आणि वर बारूद. त्यात पाणी सोडल्यावर गाठी तरंगून वर आल्या आणि आग दारूगोळ्याच्या अधिक जवळ गेली. ज्याला आपण उपाय म्हणतो तो अशा जागी अपाय ठरतो. कोठा बंद करून आत वाफ सोडली असती तर हवा तुटून आग दबण्याची आशा होती. ती सोय वापरली गेली नाही.

सरकारी चौकशी समितीनेही कापसाच्या गाठीच आगीचे मूळ असाव्यात असे ठरवले, आणि दोष दाखवले ते असे: दारूगोळ्याखाली कापूस रचला, धोक्याचे निशाण लावले नाही, माल उतरवण्यास दिरंगाई केली, वाफ वापरली नाही, बंबखात्यास वेळेवर कळवले नाही. हे दोष मी मुद्दाम ओळीने लिहिले. कारण गोदीच्या आगीविषयी कोठेही बोलणे निघाले की कोणीतरी म्हणतोच, 'एखाद्या मजुराने बिडी फेकली असेल.' असेलही. पण बिडी कोठेही पडते. बिडी पडली तर पाचशे घरे पडावीत, अशी रचना मजुराने केलेली नव्हती. माल कोणता, कोठे, कशावर ठेवायचा हे ठरवणारे हात निराळे होते. ठिणगीचा शोध घेणे सोपे असते. रचनेचा शोध घेणे जड जाते, कारण तो वरच्या मजल्यावर जाऊन पोचतो.

सोन्याची मोजणी आणि माणसांची मोजणी

आता मुख्य मुद्दा. त्या बोटीवर सोन्याच्या विटा होत्या, त्या ३१ खोक्यांत, दर खोक्यात चार, म्हणजे १२४. प्रत्येक वीट पावणेतेरा किलोच्या आसपास. स्फोटात त्या दूरवर उडाल्या. सुमारे मैलभर अंतरावरील एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून एक वीट आत पडली. त्याने ती परत केली आणि त्याला ९९९ रुपयांचे बक्षीस मिळाले. गोदीतील गाळ उपसताना १९७० नंतरही वीट सापडल्याची नोंद आहे. म्हणजे सोन्याचा हिशेब विटेविटेचा होता आणि तो वर्षानुवर्षे चालू राहिला.

माणसे किती मेली? कोणी ८०० म्हणतो, कोणी १,३०० म्हणतो. या दोन आकड्यांत पाचशे माणसांचे अंतर आहे. पाचशे माणसे म्हणजे आपल्याकडील एक लहान खेडे झाले.

बंबखात्याची ६६ माणसे गेली. हा आकडा नेमका आहे. त्यांना पद होते, पगारपत्रक होते, हजेरी होती. त्यांचे स्मरण अग्निशमन दल दरवर्षी १४ एप्रिलला करते, आणि त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, हे योग्यच आहे. गोदीच्या निरनिराळ्या खात्यांत कामावर असलेले, बंबवाल्यांसकट, २३१ जण मेल्याची नोंद आहे. त्यापुढचे आकडे अंदाजाचे आहेत.

याचे कारण गोदीच्या कामाच्या पद्धतीत आहे. त्या काळी पुष्कळ माल चढवण्या-उतरवण्याचे काम टोळीवाल्यामार्फत चाले. सकाळी फाटकाशी माणसे जमत. टोळीवाला हात दाखवून निवडी. संध्याकाळी पैसे वाटी. कोण आत गेला हे टोळीवाल्याच्या डोक्यात असे. टोळीवालाच मेला तर ती यादीही त्याच्याबरोबर गेली. गावी वाट पाहणाऱ्या बायकोने कोणत्या फाटकावर जाऊन विचारावे? सरकारने नुकसानभरपाईसाठी १९४४ सालीच वटहुकूम काढला. पण भरपाई मागायची तर आधी तो माणूस तेथे होता हे दाखवावे लागते. वखारदाराजवळ पावती असते. रोजंदारीच्या हमालाजवळ काय असणार?

स्फोटानंतर सुमारे आठ हजार माणसांनी सात महिने राबून पाच लाख टनांच्या आसपास राडारोडा उपसला आणि गोदी पुन्हा चालू केली. त्यांचीही नावे कोठे कोरलेली नाहीत.

नोंद म्हणजे काय

मजुरांची नोंद असावी ही गोष्ट त्या वेळी कोणाला सुचलेली नव्हती असे नाही. हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटले आयोगाने १९३१ सालीच गोदीकामगारांची नोंदणी करून काम वाटून द्यावे अशी सूचना केली होती. ती कागदावर राहिली. स्फोट झाला त्या दिवशी दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते, आणि तो त्यांचा जन्मदिवसही होता. पुढे १९४८ साली गोदीकामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्याखाली मुंबईत मंडळ आले. नोंदलेल्या कामगाराला पाळीने काम, आणि हजर राहूनही काम न मिळाले तर काहीतरी मोबदला, अशी व्यवस्था आली. ती मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी गोदीकामगारांना झगडावे लागले. त्यांचे पुढारी पी. डिमेलो १९५८ साली वारले. ज्या रस्त्याला पूर्वी फ्रियर रोड म्हणत, गोदीच्या भिंतीलगतच्या त्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

गोदीबाहेरच्या हमालांना मात्र आणखी थांबावे लागले. मशीदबंदरच्या बाजारात पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडी कामगारांना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याचे मर्म हेच की, मालक रोज बदलला तरी कामगाराचे नाव एका वहीत कायम राहील. बोजा उचलणारा माणूस कोणाचाच नाही, असे यापुढे म्हणता येऊ नये.

पण हे म्हणणे अजून थांबलेले नाही. आमच्या भागातील एका गोदामात पोत्यांची थप्पी कोसळून एक हमाल दगावला. मी गेलो तेव्हा मालक म्हणाला, 'हा मुकादमाचा माणूस.' मुकादम म्हणाला, 'हा आजच आला होता.' हजेरीची वही मागितली तर तीत त्या दिवसाचे पानच लिहिलेले नव्हते. तो तेथे काम करीत होता हे सिद्ध करायला आम्हाला चहाच्या टपरीवाल्याची साक्ष काढावी लागली, कारण त्याच्या उधारीच्या वहीत त्या हमालाचे नाव होते. टपरीवाल्याने एका कटिंगचा हिशेब ठेवला होता, गोदामाने माणसाचा ठेवला नव्हता.

आपण मुंबईपासून दूर आहोत म्हणून धोक्यापासून दूर आहोत असे कोणी समजू नये. भुसावळला आणि वरणगावला दारूगोळ्याशी संबंध असलेले सरकारी कारखाने आहेत. शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बारांहून अधिक माणसे मेली. जिन-प्रेस आहेत, डाळमिल आहेत, केळी भरणारे मजूर आहेत. २०२१ पासून असंघटित कामगारांची नोंद केंद्र सरकारच्या ई-श्रम यादीत होते, ती चांगली गोष्ट आहे. परंतु देशाच्या यादीत नाव असणे वेगळे, आणि आज, या पाळीला, या छपराखाली मी होतो हे सांगणारी हजेरी वेगळी. आग लागते तेव्हा दुसरीच उपयोगी पडते.

आपल्याच खानदेशात नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी, त्याच युद्धाच्या काळात, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण पडले. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. ही पाच नावे नंदुरबारने जपली आहेत. जो गाव आपली नावे जपतो त्याला आपण कोण हे विचारावे लागत नाही. मुंबईच्या गोदीतील माणसे झेंडा घेऊन निघालेली नव्हती, डबा घेऊन निघालेली होती. तेवढ्यावरून त्यांचे नाव पुसावे काय?

पाहायला जाल तेव्हा

मुंबईस गेलात तर बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरून लोकलने पुढचे स्टेशन मशीद गाठा. पूर्वेकडे बाहेर पडा आणि पी. डिमेलो रस्त्याला लागा. एका बाजूस गोदीची भिंत आणि फाटके लागतील. आत परवानगीवाचून जाता येत नाही. गेलात तरी १८८० सालची प्रिन्सेस गोदी आणि तिच्या शेजारची व्हिक्टोरिया गोदी पाण्याने भरलेली दिसणार नाही; अलीकडच्या काळात त्यांत भराव घालण्यात आला. दुसऱ्या बाजूस मशीदबंदर, चिंचबंदर, मांडवीच्या गल्ल्या आहेत. तेथे हातगाड्या आणि पाठीवरची पोती आजही दिसतील. हिरोशिमाचा मोडका घुमट जसा सांगाडा राखून उभा ठेवला आहे, तसे येथे काही ठेवलेले नाही. म्हणून येथे पाहणाऱ्याने माहिती बरोबर नेली पाहिजे. जाताना मुलांना बरोबर न्या, आणि त्या भिंतीशी उभे राहून त्यांना १९४४ ची तारीख सांगा.

आपली वसंत व्याख्यानमाला याच दिवसांत भरते. १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती करतो, ती उत्साहाने करावी. त्याच दिवशी गोदीतील त्या मजुरांचीही आठवण काढावी, असे मी सुचवतो. ती बाबासाहेबांच्या विचारांना धरूनच होईल. आणि दुसऱ्या दिवशी आपण ज्या गोदामात, गिरणीत, बाजार समितीत जातो तेथे एकच साधा प्रश्न विचारावा: आज आत असलेल्या माणसांची यादी कोठे आहे? यादी मिळाली तर ठीक. न मिळाली तर ती लिहून घेईपर्यंत तेथून हलू नये.